कमलआत्या ट्रे धरत नाहीत

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनमध्ये आमच्या टाउनहाउसच्या रांगेत दर तिसरं दार मराठी होतं, आणि त्या सगळ्या दारांमागे एक गोष्ट पक्की माहीत होती. कमलआत्या ट्रे धरत नाहीत. बाकी म्हणाल ते काम करतील. गणपतीत ढीगभर मोदक वळून देतील, पाहुणे गेल्यावर तेलकट कढया घासतील, कुणाचं रडणारं पोर खांद्यावर घेऊन घरभर येरझाऱ्या घालतील. पण "आत्या, एवढा चहा बाहेर नेता का?" म्हटलं की संपलं. "ते दुसऱ्या कोणाला सांग न," एवढंच म्हणायचं आणि ओट्याकडे वळून एखादा पुसलेला डबा पुन्हा पुसायला घ्यायचा.

एकदा त्यांच्या भावजयीनं, मेधावहिनींनी, कपांनी भरलेला ट्रे सरळ त्यांच्या हातात ठेवून दिला. आत्यांनी तो ओट्यावर ठेवला आणि दोन हातांत दोन कप असे करत सगळ्या पाहुण्यांना चहा नेऊन दिला. बऱ्याच फेऱ्या झाल्या. पाहुण्यांना वाटलं, नागपूरकडे अशीच पद्धत असेल.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एखादं बटण सगळीकडे चालतं आणि एकाच ठिकाणी अडतं, तर ते तिथेच का अडतं हे शोधणं हे माझं काम. वर मी पुण्याची, त्यामुळे दुसऱ्याच्या घरातली गोष्ट समजून घेताना मला संकोच असा फारसा वाटत नाही. आत्यांच्या ट्रेचा किडा माझ्या डोक्यात शिरला तो निघेचना. हात थरथरतात म्हणावं, तर बाई चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायच्या. काही शकुन-अपशकुन म्हणावा, तर भर पितृपक्षात भावाला नवा फ्रिज घ्यायला लावणारी ही बाई. मी मेधावहिनींना विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या लग्नापासून बघतेय. विचारलं की विषय बदलतात."

कमलआत्या म्हणजे मेधावहिनींच्या नवऱ्याची, विनायकरावांची मोठी बहीण. लग्न केलेलं नाही. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडून द्यायचं काम करत त्यांची सगळी नोकरी गेली. भावानं ग्रीन कार्डासाठी अर्ज केला तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि बोलावणं आलं तेव्हा त्यांना मेंदी लावायचाही कंटाळा आला होता, असं त्याच सांगायच्या. उंच, काटकुळ्या, सावळ्या. डाव्या डोळ्याची पापणी जन्मापासून थोडी खाली, त्यामुळे त्या नेहमी अर्धवट जाग्या असल्यासारख्या दिसत. प्रत्यक्षात त्यांच्याइतकं जागं माणूस आमच्या रांगेत दुसरं नव्हतं. नवीन माणूस भेटलं की त्या आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघत नसत. त्याच्या हाताकडे बघत. "काय आणलं? वजन आहे का? दे इकडे," असं म्हणून ओझं उतरवून घेत, आणि मग सावकाश नजर वर नेत.

एक्स्चेंजमधलं इंग्रजी त्यांच्या जिभेवर तसंच राहिलं होतं. पोरांनी गोंगाट केला की "होल्ड द लाइन, प्लीज." विनायकराव टीव्हीपुढे बसून हाकेला ओ देईनात की मेधावहिनींकडे वळून "नो रिप्लाय. पुन्हा लावू का?" आवाज मात्र असा की ऐकणारा सरळ होऊन बसे. माझी मुलगी इरा त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची आणि त्या तिच्याशी नागपुरी मराठीत. दोघींचं कधी काही अडलं नाही.

इरा पाचवीत असताना तिच्या शाळेची एक सहल होती. गावाबाहेर पश्चिमेला, घरं संपून कुरणं सुरू होतात तिथे एक जुनं फार्म आहे. तिथे मुलांना दिवसभरासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटनमध्ये नेतात. बाँब पडतील म्हणून तेव्हा लंडनसारख्या शहरांतल्या मुलांना आईवडिलांशिवाय आगगाडीत बसवून खेडेगावांत पाठवत. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कचं खोकं. ते पोर कुणाच्या घरी राहणार हे त्यालाही माहीत नसे आणि त्याच्या आईलाही. फार्म चालवणाऱ्या लिंडाची आई लहानपणी अशीच पाठवली गेली होती, आणि तिच्याकडून ऐकलेल्या गोष्टींवरून लिंडानं हा सगळा कार्यक्रम उभा केला होता. व्हर्जिनियातली मुलं त्यासाठी जुने स्वेटर आणि मोठ्या माणसांच्या टोप्या घालून पिवळ्या बसमधून उतरायची.

शाळेला बरोबर मोठी माणसं हवी होती. मी नाव दिलं आणि आत्यांनाही ओढलं, कारण त्या घरात बसून कंटाळल्या होत्या. ड्रायव्हिंग त्यांना येत नव्हतं, आणि हर्नडनमध्ये गाडीशिवाय माणूस म्हणजे खिडकीत ठेवलेली कुंडी.

दिवसाची सुरुवात एका मोठ्या लाकडी कोठारात झाली. तेच गावाचं सभागृह. मुलांना भिंतीला लावून रांगेत उभं केलं. समोरून गावकरी झालेले स्वयंसेवक आले आणि लिंडानं घोषणा केली की आता हे लोक आपापल्या घरी न्यायला मुलं निवडतील. तेव्हा खरंच असं करत, असं ती म्हणाली. एक दांडगा म्हातारा, त्याचं नाव वॉल्ट, मुलांचे दंड चाचपत पुढे सरकला. "हा शेतात कामाला येईल." एका तरुण मुलीनं दोन नीटनेटक्या मुली उचलल्या. इरा मधेच कुणाच्या तरी वाट्याला गेली आणि माझा जीव भांड्यात पडला. खेळ होता हे कळत असूनही पडला. हळूहळू भिंत रिकामी होत गेली, आणि शेवटी ॲबिगेल नावाची एक गुटगुटीत मुलगी एकटी उरली. तिच्या एका हातात दम्याचा पंप होता. लिंडाच्या संहितेत पुढे असं होतं की उरलेल्या मुलाला घेऊन एक अधिकारी दारोदार फिरतो, कुणी ठेवून घेता का विचारत. मुलांना ते टोचावं अशीच योजना होती. नंतर त्यावर चर्चा असे.

अधिकारी पुढे झाला तेवढ्यात माझ्या शेजारच्या आत्या चालायला लागल्या. त्या काही गावकरी नव्हत्या. पंजाबी ड्रेसवर भावाचं जाड जाकीट घातलेली, मुलांबरोबर आलेली पाहुणी. त्या ॲबिगेलपासून थोड्या अंतरावर थांबल्या, तिच्याकडे न बघता वळून पाठमोऱ्या झाल्या, आणि एक हात मागे करून पंजा उघडून धरला.

"इफ यू लाइक, कम," त्या म्हणाल्या. "इफ यू डोन्ट लाइक, नो प्रॉब्लेम."

आम्ही सगळे बघत राहिलो. वॉल्टनं टोपी काढून हातात घेतली. थोड्या वेळानं ॲबिगेलनं पंप खिशात टाकला आणि तो हात धरला. आत्यांनी तोपर्यंत मान वळवली नव्हती.

संहिता मोडल्याबद्दल मी लिंडाची माफी मागायला गेले. ती म्हणाली, "प्लीज, आस्क हर टु कम बॅक."

अशा रीतीनं कमलआत्या युद्धकालीन ब्रिटनमधल्या एका खेड्यातल्या घरमालकीण झाल्या. कार्यक्रम गुरुवारी असायचा आणि गुरुवारी मी घरून काम करत असे, म्हणून त्यांना नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. त्या मुलांना घेऊन कौलारू झोपडीत शिरायच्या आणि मी फार्मच्या भेटवस्तूंच्या दुकानात लॅपटॉप उघडून मीटिंगा उरकायची. खरं तर मी मीटिंग म्यूट करून खिडकीतून त्यांनाच बघत असे. लिंडानं दिलेला फ्रॉक त्यांनी पहिल्याच दिवशी परत केला. "माझ्या पिंढऱ्या कोणाला पाहायच्या आहेत?" म्हणून साडी नेसून वर स्वेटर आणि ॲप्रन, डोक्याला रुमाल, असा वेश त्यांनी स्वतः ठरवला.

एका मुलानं कमरेवर हात ठेवून त्यांना विचारलं होतं, "यू आर नॉट रिअली इंग्लिश, आर यू?"

"अँड यू आर नॉट रिअली फ्रॉम लंडन," आत्या म्हणाल्या. "वी आर बोथ प्रिटेंडिंग. वॉश युवर हँड्स."

बाहेरून आलेल्या पोरानं हातपाय धुतल्याशिवाय घरात यायचं नाही हा नियम त्यांनी त्या इंग्लिश झोपडीला लावून टाकला होता. लिंडा हताश व्हायची. पण खरी पंचाईत रेशनची होती. संहितेत घरमालकीण कडक आहे. पावाचा एक पातळ काप, त्यावर लोणी लावल्यासारखं करायचं, आणि पोरानं आणखी मागितलं तर "युद्ध चालू आहे" म्हणून झिडकारायचं. आत्यांना झिडकारणं जमेना. त्या काप पातळ कापायच्या, अगदी इमानदारीत, पण वाढताना हटकून म्हणायच्या, "टेक, टेक, डोन्ट बी शाय." मुलं गोंधळायची. घ्यायचं तरी काय, ताटलीत काहीच नाही. शेवटी लिंडानं त्यांना समजावलं की आग्रह करायचा नाही, तेव्हा लोकांकडे नव्हतंच. "नव्हतं म्हणूनच तर करायचा," आत्या मला गाडीत म्हणाल्या. "भरलेल्या घरात कोणीही करते बाप्पा."

चहाच्या वेळी घरमालकीण ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येते असंही संहितेत होतं. आत्या तिथेही दोन दोन कप हातात घेऊन यायच्या. लिंडाला वाटलं, भारतात अशीच पद्धत असेल.

विमानांना उजेड दिसू नये म्हणून काळोख करायच्या प्रसंगात मात्र त्यांना कुणी काही शिकवायची गरज पडली नाही. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या वडिलांनी घराच्या काचांना खाकी कागद डकवला होता, आणि गल्लीतले लोक मोटारींच्या दिव्यांना वरून काळा रंग फासत होते. ते त्या मुलांना खिडकीवर जाड पडदा अडकवता अडकवता सांगायच्या. "वेअर इज नागपूर?" एका मुलीनं विचारलं. "इन द मिडल," आत्या म्हणाल्या आणि पुढच्या खिडकीकडे गेल्या.

कोठारातल्या निवडीत आता त्याही गावकरी होत्या, पण त्यांनी एकदाही मूल निवडलं नाही. दर वेळी शेवटपर्यंत थांबायच्या, पाठ फिरवून हात मागे धरायच्या. लिंडानं ते संहितेत घालून टाकलं.

शेवटी एका गुरुवारी मला राहवलं नाही. परत येताना टोल रोडवर अपघातामुळे गाड्या खोळंबल्या होत्या, आणि त्यांना माझ्यापासून सुटायला जागा नव्हती. मी विचारलं, "आत्या, एक विचारू? तुम्ही पोरांकडे बघत का नाही? आणि ट्रेचं काय आहे?"

त्या पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत होत्या. "एकच आहे ते," त्या म्हणाल्या. मग खिडकीची काच थोडी खाली केली आणि पुन्हा वर केली. मला वाटलं, गेलं, विषय बदलला.

"दाखवायचे न मला," त्या म्हणाल्या. "मोठी होती मी, आधी माझं व्हायला पाहिजे. रविवारी पाहुणे यायचे. आई ट्रे हातात द्यायची. पोहे, चहा. आतून बाहेरच्या खोलीपर्यंत जायचं, हात अडकलेले, अन् समोर सोफ्यावर सगळे ओळीनं बसून पाहून राहिले. तोंड झाकता येत नाही, पदर सारखा करता येत नाही. एका मुलाची मावशी म्हणे, जरा वर बघ बेटा, दिव्याकडे. पापणी पाहायची होती तिला. दुसऱ्या एकानं म्हटलं, उजवा डोळा झाकून दाखवा. मी ट्रे धरून उभी. कशानं झाकू?"

गाड्या थोड्या पुढे सरकल्या, मीही सरकले.

"जाताना सगळे म्हणायचे, कळवतो. बाबा बिचारे वाट पाहायचे. एकदा अमरावतीची एक जागा होती, बाबांना फार आवडली होती. तिकडे फोन होता. बाबांनी शेजारच्या दुकानातून ट्रंक कॉल लावला. ड्यूटीवर मीच होती. बाबांना माझा आवाज कळला, मला बाबांचा कळला, पण ड्यूटीवर काय बोलणार? नंबर घेतला, लावला. वाजत राहिला. मग मलाच सांगावं लागलं, नो रिप्लाय. पुन्हा लावू का?"

"मग?"

"बाबा म्हणे, राहू दे, बेटा." आत्यांनी सीटबेल्टचा पट्टा उगाच सारखा केला. "त्या दिवशी घरी जाऊन सांगितलं, आजपासून मी ट्रे धरणार नाही. कोणी काही बोललं नाही. नंतर विनायकचं लग्न झालं, घरात सून आली. मी ड्यूट्या मागून घ्यायची, रविवारच्या. मजेत होती मी. खोटं नाही सांगून राहिली."

मला रडू आलं. खरं सांगते, रहदारी खोळंबली होती म्हणून बरं. माझं स्वतःचं लग्न असंच पोहे खाऊन ठरलं होतं, आणि ते पहिल्याच फेरीत ठरल्यामुळे त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

त्या वसंतात फार्मवर एक तक्रार आली. एका आईचं म्हणणं होतं की निवडीच्या खेळात आपली मुलगी मागे राहिली आणि घरी येऊन रडली. इतिहास शिकवायला मुलांना असं उभं करायची काय गरज आहे? फार्मच्या कमिटीनं ठरवलं की तो प्रसंग काढून टाकू. मुलांना रंगीत फिती देऊ, निळ्या फितीवाले या घरात, हिरव्या त्या घरात. लिंडानं सगळ्या स्वयंसेवकांना बोलावून हे सांगितलं, आणि बोलता बोलता आत्यांकडे बघून हसली. आत्यांना आनंद होईल अशी तिची खात्री होती. माझीही होती. मी कॉफी घेऊन मागच्या बाकावर बसले होते.

आत्या म्हणाल्या, "नो."

मग त्यांनी एक्स्चेंजच्या इंग्रजीत, एकेक शब्द जोडून दिल्यासारखा, आपलं म्हणणं मांडलं. जे झालं ते झालं नाही असं मुलांना कसं सांगणार? त्या काळी फिती नव्हत्या. तुमच्या आईला फीत मिळाली होती का? मुलगी रडली हे वाईट झालं, पण ती रडली कारण फक्त तीच उभी होती. निवडणारे कधी उभे राहिलेच नाहीत. आधी मुलांना उभं करा, जसं करता तसं. मग उलटं करा. मोठ्यांनी भिंतीशी उभं राहायचं आणि मुलांनी निवडायचं. आणि मुलांच्या गटांपेक्षा एक मोठं माणूस जास्त ठेवा.

"बट देन समवन विल बी लेफ्ट," लिंडा म्हणाली.

"येस."

"कमल, इट माइट बी यू."

"आय नो दॅट," आत्या म्हणाल्या. एका हाताच्या अंगठ्यानं त्या दुसऱ्या हाताची बोटं चोळत होत्या, जशी त्यांची सवय होती.

कमिटीनं एकदा करून बघायला मान्यता दिली. ते बिघडलं तर प्रसंग कायमचा रद्द. तो गुरुवार माझाही हर्नडनमधला शेवटचा गुरुवार होता, कारण माझी बदली पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला झाली होती आणि आमच्या घरात खोक्यांशिवाय काही उरलं नव्हतं.

आदल्या दिवशी मेधावहिनी मला म्हणाल्या, "रश्मी, तू सांग ना त्यांना. या वयात कशाला उगाच? कालपासून नीट जेवल्या नाहीयेत." मी सांगायचं ठरवलं होतं. पण सकाळी आत्या गाडीत बसल्या तेव्हा त्यांच्या अंगावर अंजिरी रंगाची साडी होती, जी मी फक्त दिवाळीत पाहिली होती, आणि मी गाडी रस्त्यावर घेतली. वाटेत त्यांनी मला एका पेट्रोल पंपावर गाडी घ्यायला लावली. पाणी हवं असेल म्हणून मी बाटली आणली. त्यांनी ती घेतली नाही.

"परत जाऊ," त्या म्हणाल्या.

"बरं," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली. खूप बरं वाटलं मला.

"मी शेवटी राहिली तर ते पोट्टे काय म्हणतील याची भीती नाही," त्या म्हणाल्या. "मी काय करीन, त्याची आहे. मला ते उभं राहणं अजून येते का, काय माहीत."

मी पंपावरून बाहेर पडायला डावा सिग्नल दिला, घराकडचा. आत्या काही वेळ त्या टिकटिकणाऱ्या बाणाकडे बघत राहिल्या. मग डोक्यातली पिन काढून पुन्हा घट्ट खोचली. "चल, उजवीकडे घे," म्हणाल्या.

त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या तरी शाळेची मुलं आली होती. ओळखीचं कुणी नाही. पहिला भाग नेहमीसारखा झाला, फक्त आत्यांनी या वेळी हात मागे केला नाही, गप्प उभ्या राहिल्या. शेवटी लाल केसांची, मोठ्या माणसाचा कोट घातलेली एक मुलगी उरली. अधिकाऱ्यानं तिला दारोदार फिरवून एका गटात घातलं. तिच्या गळ्यातली चिठ्ठी उलटी झाली होती आणि तिनं ती सुलट केली नाही.

मग लिंडानं सांगितलं की आता उलटं. मुलांचे तीन गट आणि भिंतीशी चार मोठी माणसं: वॉल्ट, वेण्या घातलेली तरुण केल्सी, लिंडा आणि कमलआत्या. मुलं आधी खुदखुदली. पहिल्या गटानं जराही विचार न करता वॉल्टला घेतलं, त्याच्या पायाशी कुत्रा बसला होता. दुसऱ्यानं केल्सीला. तिसऱ्या गटात ती लाल केसांची मुलगी होती. गटानं डोकी एकत्र केली. एक मुलगा बऱ्यापैकी मोठ्यानं म्हणाला की लिंडाकडे नक्की कुकीज असतील. लिंडा निघून त्यांच्याकडे गेली, आणि जाताना तिनं एकदा मागे पाहिलं.

भिंतीशी कमलआत्या एकट्या उरल्या. अंजिरी साडी, ॲप्रन, हात पुढे गुंफलेले. त्या हातांत काहीच नव्हतं, तरी कोपरं अंगाला चिकटवून धरली होती, जणू काही सांडू नये म्हणून. दहा-अकरा वर्षांच्या त्या पोरांचा मला इतका राग आला की मला माझीच लाज वाटली. लिंडानं तोंड उघडलं, खेळ संपला म्हणायला.

"होल्ड द लाइन, प्लीज," आत्या म्हणाल्या.

सगळे जागच्या जागी थांबले. आणि मग आत्यांनी मान वर केली. हळूच नाही, चोरून नाही, चांगली वर केली, छताला टांगलेल्या दिव्याकडे, आणि तिथून खाली आणून एकेका मुलाच्या चेहऱ्याकडे बघत गेल्या. ती अर्धवट मिटलेली पापणी सगळ्यांना नीट दिसली असेल. त्यांनी कुणालाच वगळलं नाही. मुलं बघत राहिली. ज्यांनी नजर खाली केली, त्यांच्यासाठी त्या थांबल्या.

"आय ॲम स्टिल हिअर," त्या शेवटी म्हणाल्या. "सो? व्हॉट विल यू डू?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. वॉल्टजवळच्या मुलानं कुत्र्याच्या डोक्यावरचा हात काढला. "इज देअर अ रूल?" कुणीतरी विचारलं.

"नो रूल," आत्या म्हणाल्या.

लाल केसांची मुलगी आपल्या गटातून बाहेर आली. कोटाच्या बाह्या तिच्या पंजांच्या खाली लोंबत होत्या. ती आत्यांच्या समोर येऊन उभी राहिली, मग काही तरी सुचल्यासारखी वळली, पाठमोरी झाली, आणि लांब बाहीतला हात मागे केला. हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. त्या दिवशी आत्यांनी ते केलंच नव्हतं.

"वी हॅव रूम फॉर टू," ती म्हणाली.

आत्यांनी तो हात धरला. बाहीसकट.

मी बाहेर जाऊन गाडीत बसले आणि मनसोक्त रडले. मग तोंड धुतलं, कारण एक मीटिंग होती. मीटिंग संपता संपता मुलांच्या चहाची वेळ झाली. त्या दिवशी सगळे गट एकत्र होते, म्हणून चहा झोपडीत न देता कोठारात होता. मुलं भिंतीला टेकून ओळीनं जमिनीवर बसली होती. मी निरोप घ्यायला आत शिरले तेवढ्यात मागचं स्वयंपाकघराचं दार पायानं उघडलं, आणि कमलआत्या बाहेर आल्या. दोन्ही हातांत मोठा लाकडी ट्रे. त्यावर पत्र्याचे कप आणि जॅम लावलेले पावाचे तुकडे. कप एकमेकांवर वाजत होते.

ट्रे जड होता, त्यांच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या. मी धावत पुढे झाले आणि हात लावला.

"राहू दे, बेटा," त्या म्हणाल्या. आणि मला ओलांडून मुलांच्या ओळीकडे गेल्या, पहिल्या मुलासमोर वाकल्या, आणि म्हणाल्या, "टेक, टेक. डोन्ट बी शाय."